विनोदी कार्यक्रमांतली जाड पात्रं: पार्श्वभूमी

विदूषक कसा दिसावा, हे नाट्यशास्त्रानं सांगून ठेवलं आहे. बुटका, दात पुढे आलेला, कुबडा, टकला, पिंगट डोळ्यांचा. या यादीत जाडेपणा नाही. खादाडपणा त्याला नाटककारांनी दिला, मोदकांवरचं प्रेम त्यातूनच आलं. म्हणजे शरीरावर हसण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे, पण निव्वळ वजनावर हसवण्याला खरी गती पडद्यानं दिली. लॉरेल आणि हार्डीला आपण ‘जाड्या-रड्या’ करून घरात घेतलं. गायिका म्हणून नाव मिळवलेल्या एका कलावतीला १९५० पासून हिंदी चित्रपटांत जाड बाईची विनोदी कामं मिळत गेली. तिचं पडद्यावरचं ‘टुणटुण’ हे नाव पुढे शाळाशाळांत मुलींना चिडवण्यासाठी वापरलं गेलं.

मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून ते पुण्यात दिसू लागलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला आलेल्या चिमणराव-गुंड्याभाऊंच्या मालिकेत एक किरकोळ आणि एक दांडगा अशी जोडी होतीच. पण गुंड्याभाऊचा दांडगेपणा कथेच्या उपयोगी पडायचा. त्याच्या आडमुठ्या स्वभावातून प्रसंग उभे राहायचे आणि चिमणरावाला त्याचा आधारही वाटायचा. देहाकडे बघून हसू आलं तरी माणूस लक्षात राहायचा तो स्वभावामुळे.

हे पुढे कसं हरवलं, ते समजून घ्यायचं तर २०१० नंतरची दहा-बारा वर्षं बघायला हवीत. ‘फू बाई फू’ २०१० मध्ये आलं, ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ मध्ये, ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८ मध्ये. मालिकेची जागा स्किटनं, म्हणजे काही मिनिटांच्या छोट्या प्रहसनानं, घेतली. स्किटमध्ये पात्राची ओळख करून द्यायला वेळ नसतो, आणि दर आठवड्याला नवं लिहून हवं असतं. अशा घाईत जाड कलाकार दारातून आत आला की लेखकाचं निम्मं काम आपोआप होतं. तो सोफ्यावर बसतो, शेजारी बसलेला बारीक नवरा वर उडाल्याचा अभिनय करतो, परीक्षक हसतात आणि मग पहिला संवाद येतो. लिफ्ट, वजनकाटा, रिक्षाचं एका बाजूला कललेलं चाक, उरलेली भाजी संपवणं, हा साठा इतका ठरलेला आहे की प्रेक्षकालाही पुढचं वाक्य आधीच माहीत असतं. यात कलाकाराच्या गुणवत्तेचा प्रश्नच नाही. याच मंडळींचं टायमिंग, आवाजावरची हुकमत आणि रडवण्याची ताकद अनेकदा बाकीच्यांपेक्षा सरस असते, म्हणून तर ते वाया गेलेलं अधिक खटकतं.

पुण्यात याची सुरुवात कलाकार टीव्हीवर पोचण्याच्या फार आधी होते. पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे आणि भरत नाट्य मंदिरात गाजलेली कित्येक मुलं पुढे मालिकांत आणि स्किटमध्ये गेली. कॉलेजच्या तालमीत पहिलं वाचन होण्याआधीच हवालदार, खानावळवाली, मावशी या भूमिका जाड मुलामुलींच्या नावावर लागलेल्या असतात. ‘एन्ट्रीलाच लाफ्टर येईल’ हे वाक्य दिग्दर्शक कौतुकानं म्हणतो. प्रेमपत्र लिहिणारी मुलगी त्यांच्या वाट्याला येत नाही.

सगळ्यात जास्त वाद होतो तो एका निर्णयावर: वजनावरचा विनोद त्या कलाकाराच्याच तोंडी द्यायचा. बचाव सोपा असतो. तीच स्वतःवर हसते आहे, मग तुम्हाला का झोंबतं? या म्हणण्यात तथ्य आहे. स्वतःवर विनोद करणारी बाई मंचावर ताबा मिळवते, टोमणा येण्याआधीच ती तो संपवून टाकते. काही कलाकारांनी ही ढाल फार हुशारीनं वापरली आहे. पण ते वाक्य कुणी लिहिलं, ते नाकारण्याची मोकळीक तिला होती का, आणि नाकारलं असतं तर पुढच्या आठवड्यात तिला काय काम मिळालं असतं, हे प्रश्न त्या बचावात येतच नाहीत. शिवाय ती स्वतःवर बोलली की समोरच्यालाही परवानगी मिळते, आणि त्याचे विनोद तिच्यापेक्षा संख्येनं जास्त असतात. घरी सोफ्यावर बसून ते ऐकणाऱ्या आठवीतल्या मुलीला तर असली कुठलीच ढाल नसते. दुसऱ्या दिवशी वर्गात तेच वाक्य तिच्यावर येतं. जानेवारी २०२१ मध्ये अशाच एका कार्यक्रमातल्या अभिनेत्रीनं आपल्या शरीराचा अभिमान आहे असं सांगत विवस्त्र छायाचित्र प्रसिद्ध केलं, तेव्हा तिचं कौतुक झालं आणि तिला शिव्याही खाव्या लागल्या. मंचावर त्याच देहाला टाळ्या देणारे प्रेक्षक त्या दोन्ही बाजूंना असणार.

वजनावरच्या विनोदाविरुद्ध कायद्यात तरतूद नाही. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांतल्या कार्यक्रमसंहितेत स्त्रियांची आणि मुलांची बदनामी, तसंच वांशिक, भाषिक आणि प्रादेशिक गटांना हिणवणारं चित्रण यांवर बंदी आहे. वजनाचा उल्लेख नाही. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपंग व्यक्तींच्या चित्रणाबद्दल निकाल देताना, त्यांना समजून घ्यायला मदत करणारा विनोद आणि त्यांना कमी लेखणारा विनोद असा फरक केला. स्किट तपासायला हाच निकष पुरेसा आहे, असं मला ठामपणे वाटतं. मात्र २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस अपंगत्वांत स्थूलता येत नाही, त्यामुळे तो निकाल इथे थेट लागू होत नाही.

परदेशी सिटकॉमनी आणखी एक खोड लावली. ‘फ्रेंड्स’मध्ये १९९६ पासून मोनिकाचं जाडेपण बारीक अभिनेत्रीला गुबगुबीत पोशाख चढवून दाखवलं गेलं आणि तिचा भूतकाळ हाच विनोद झाला. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर त्या मालिकेचे संवाद पाठ असणारी एक आख्खी पिढी आहे.

मराठीत त्याच्या उलट पाऊल पडलं ते विनोदी कार्यक्रमांत नव्हे, कौटुंबिक मालिकांत. ‘सुंदरा मनामध्ये भरली’ २०२० मध्ये आणि ‘येऊ कशी तशी मी नांदायला’ २०२१ मध्ये सुरू झाली. दोन्हींत खरोखरच जाड असलेल्या अभिनेत्री नायिका होत्या, पोशाख चढवलेल्या नव्हत्या. पहिलीत वजनामुळे लग्न जमत नाही इथूनच गोष्ट निघते. म्हणून घरचे, शेजारचे, सासरचे टोमणे भरपूर येतात, आणि त्यातले बरेच हसवण्याच्या सुरातच येतात. तरीही प्रेमात पडणारी, चिडणारी, निर्णय घेणारी बाई रोज रात्री दिसली, हे मला फार मोलाचं वाटतं. दोन्ही मालिका आता संपल्या आहेत. बँकेतली अधिकारी, सोसायटीची चेअरमन किंवा नुसती भांडखोर शेजारीण म्हणून, वजनाचा एकही उल्लेख न होता जाड कलाकाराला अख्खं स्किट मिळणं अजूनही तुरळकच घडतं.