सौदीला पाहुणे नवे नाहीत, फक्त व्हिसावर "फिरायला" असा रकाना नव्हता

सौदीच्या टुरिझमचा विषय निघाला की दोनच टाइपची चर्चा होते. एक म्हणजे "बघा किती बदलला देश, बायका गाडी चालवायला लागल्या, थिएटरं उघडली", आणि दुसरी "तेलाचं काही खरं नाही म्हणून चाललंय हे सगळं". दोन्हीत थोडं थोडं खरं आहे, पण ही गोष्ट तेलाच्याही आधीची आहे.

१९३२ साली अब्दुलअझीझ राजाने सगळे भाग जोडून सौदी अरेबिया असं नाव दिलं तेव्हा तिजोरीत येणारा मुख्य पैसा हाजींचा होता. माणशी कर, उंटाचं भाडं, राहण्याची सोय, सगळं त्यातच. मक्केत पिढ्यानपिढ्या यात्रेकरू सांभाळणारी घराणी होती, त्यांना मुतव्विफ म्हणतात, आपल्याकडचे हाजी मुअल्लिम म्हणतात, आणि कुठल्या देशाचा यात्रेकरू कोणाकडे उतरणार हे ठरलेलं असायचं. त्र्यंबकेश्वरला किंवा काशीला गेल्यावर आपल्या घराण्याचा उपाध्या असतो ना, साधारण तसंच. म्हणजे टूर ऑपरेटर होते, फक्त त्यांना तसं कोणी म्हणत नव्हतं.

आणि या धंद्याचं एक टोक मुंबईत होतं. मोगल लाइन या कंपनीच्या बोटी इथून जेद्दाला जायच्या, यात्रेकरू मुसाफिरखान्यात बोटीची वाट बघत दिवस काढायचे, कोकणातून आलेली माणसं गाठोडी, वळकट्या घेऊन बसलेली असायची. बोटीची ही हजयात्रा पार १९९५ पर्यंत चालू होती. एक गंमत म्हणजे १९५९ च्या सुमारास आपल्या रिझर्व्ह बँकेने खास हजसाठी दहाच्या आणि शंभरच्या वेगळ्या नोटा काढल्या होत्या, नंबरच्या आधी एचए अशी अक्षरं असलेल्या. आता नोटा जमवणारे लोक त्यांच्या मागे असतात.

तर १९३० च्या आसपास जगभर मंदी आली आणि हाजींचा आकडा लाखाच्या वरून २० हजारांच्या आसपास आला. राजा कर्जात. १९३३ मध्ये त्याने अमेरिकन कंपनीला तेल शोधायचा परवाना दिला तो या कडकीत, सोन्याच्या नाण्यांवर. पाच वर्षांनी दम्मामच्या सातव्या विहिरीला तेल लागलं आणि पुढे १९५२ मध्ये हाजींवरचा करच रद्द केला. मला वाटतं खरा वळणबिंदू हाच. पाहुण्याच्या पैशाची गरजच संपली, त्यामुळे पाहुणा कोण असावा हे ठरवायची चैन परवडायला लागली. हज, उमरा (हजच्या दिवसांखेरीज एरवी करायची मक्केची छोटी यात्रा), नोकरी, बिझनेस, नातेवाईक. यातलं काही असेल तर या, "सहज बघायला आलो" असं म्हणणाऱ्याला जवळपास दारच नव्हतं.

मग १९७९. इराणमध्ये क्रांती झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जुहैमान अल-ओतैबी नावाचा कट्टर धर्मवादी आणि त्याच्या माणसांनी मक्केची मोठी मशीदच ताब्यात घेतली, दोन आठवडे लागले ती सोडवायला. बंडखोरांना शिक्षा झाली, पण त्यांना हवा होता तसा कडकपणा सरकारने नंतर स्वतःच आणला, थिएटरं बंद, धार्मिक पोलिसांना मोकळं रान. सौदी लोकांना फिरायची हौस नव्हती असं मात्र अजिबात नाही. ते कैरो, बैरूत, लंडनला जायचे आणि १९८६ ला बहारीनचा समुद्रावरचा पूल झाल्यावर पिक्चर बघायला गाडी काढून पुलापलीकडे. एवढा पैसा दरवर्षी बाहेर चाललाय ही खंत टुरिझमवाल्या सरकारी माणसांच्या डोक्यात फार आधीपासून होती.

देशातल्या देशात पहिला प्रयोग झाला तो असीरमध्ये, म्हणजे नैऋत्येच्या डोंगरात. तिथला अब्हा गाव २२०० मीटरवर, रियाध भाजत असताना तिथे धुकं असतं. गव्हर्नर खालिद अल-फैसल यांनी तिथे हॉटेलं, केबल कार, उन्हाळी महोत्सव असं बरंच केलं. जवळच अल-हबाला नावाची वस्ती आहे, कड्याच्या पोटात चिकटलेली, जिथे वरून दोरानेच उतरता यायचं (हबल म्हणजे दोर, नाव त्यावरूनच). राहणाऱ्यांना वर नव्या घरांत हलवलं आणि नंतर तिथे पर्यटकांसाठी केबल कार लागली. हा पॅटर्न लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

परदेशी माणसाला दाखवायचं काय हा प्रश्न अजून अवघड होता. बुरखा, दारू यावर सगळे बोलतात पण माझ्या मते खरी अडचण दगडांची होती. वहाबी विचारात, म्हणजे सौदीतल्या कडक इस्लामी पंथात, थडगी, जुन्या वास्तू यांना मान दिला की लोक त्यांना पुजायला लागतील अशी भीती, म्हणून १९२५-२६ मध्ये मदिनेच्या बकी कब्रस्तानातले घुमट पाडले, आणि २००२ मध्ये मक्केचा ऑटोमन काळातला अजयाद किल्ला डोंगरासकट सपाट करून तिथे घड्याळाच्या टॉवरची हॉटेलं उभी राहिली. तुर्कस्तान प्रचंड चिडला होता.

आणि यांच्याकडचं सगळ्यात देखणं ठिकाण कुठलं, तर हेग्रा, म्हणजे मदाइन सालेह. जॉर्डनमधलं पेट्रा कोरणाऱ्याच नबाती लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी वाळूच्या खडकात कोरलेली शंभरावर थडगी. त्यातलं कस्र अल-फरीद एकटंच एका खडकात आहे, वरचा पायऱ्यांचा मुकुट अगदी घोटून काढलेला आणि खाली येता येता छिन्नीचे घाव तसेच राहिलेत, काम अर्धवट सुटलंय. वेरूळचं कैलास बघितलेल्याला लगेच कळेल, आधी कळस मग पाया. पण ही जागा कुराणातल्या शापित समूद लोकांची मानली जाते. हदीस अशी की पैगंबर इथून जाताना सोबत्यांना म्हणाले, जायचंच तर रडत जा, इथल्या विहिरीचं पाणी पिऊ नका, त्या पाण्यात मळलेली कणीक उंटांना घाला. अशा जागी तिकीट लावून सेल्फी पॉइंट करायचा म्हणजे विचार करा.

हे काम आलं सुलतान बिन सलमान यांच्याकडे. हे राजपुत्र १९८५ ला डिस्कव्हरी यानातून अंतराळात गेलेले पहिले अरब. २००० साली पर्यटनाचं सर्वोच्च आयोग निघालं ते त्यांच्या हाताखाली. त्यांनी हळूहळू केलं सगळं, पुरातत्त्व खातं सोबत घेतलं, उलेमांना, म्हणजे धर्मपंडितांना, समजावलं, आणि २००८ मध्ये हेग्रा युनेस्कोच्या यादीत गेलं, सौदीचं पहिलंच. पुढे दिरिया (सौद घराण्याची जुनी राजधानी), जुनं जेद्दा वगैरे. मात्र परदेशी टुरिस्टला व्हिसा द्यायचं घोडं अडलेलंच, मधे ग्रुप टूरला परवानगी दिली, बंद केली, परत दिली.

२०१४ ला तेलाचे भाव कोसळले, आणि मग सगळं धडाधड झालं. एप्रिल २०१६ मध्ये व्हिजन २०३० हा तेलावर कमी अवलंबून राहायचा सरकारी आराखडा जाहीर झाला, त्याच महिन्यात धार्मिक पोलिसांचा अटकेचा अधिकार काढला, २०१८ ला थिएटर आणि बायकांचं ड्रायव्हिंग, आणि २७ सप्टेंबर २०१९ ला ४९ देशांसाठी ऑनलाइन टुरिस्ट व्हिसा. परदेशी बाईला अबाया (अंगभर सैल झगा) सक्तीचा नाही, लग्नाचा दाखला न मागता जोडप्याला खोली. टायमिंग बघा, दोनच आठवडे आधी अबकैकच्या तेल प्रकल्पावर हल्ला झालेला, वर्षभर आधी सौदी पत्रकार खशोगींचा खून, आणि सहा महिन्यांत कोरोना. तरी २०२३ मध्ये देशातले आणि बाहेरचे धरून १० कोटी पर्यटकांचं टार्गेट गाठल्याचं जाहीर झालं आणि नवं टार्गेट १५ कोटी. या आकड्यात आपल्याच देशात फिरणारे सौदी सगळ्यात जास्त आहेत, बाहेरून येणाऱ्या पावणेतीन कोटींतले पण फार मोठ्या संख्येने उमरावालेच.

तो हबालाचा पॅटर्न मोठ्या प्रमाणावर परत आला निओम या वायव्येकडच्या नव्या शहराच्या जागेवर, हुवैतात जमातीची गावं उठवताना. २०२० मध्ये घर सोडायला नकार देणारा एक माणूस सुरक्षा दलांच्या गोळीने मेला. ब्रोशरमध्ये हे अर्थातच नसतं.

त्या ४९ च्या यादीत भारत नव्हता. पुढे पासपोर्टवर अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा वापरलेला व्हिसा असेल तर आपल्या लोकांनाही सोपं झालं. पूर्वी उमऱ्याला गेलेल्या माणसाला मक्का, मदिना, जेद्दा सोडून कुठे जायची परवानगी नसायची. आता उमऱ्याच्या व्हिसावर हेग्रा बघून येता येतं, आणि मुसलमान असाल तर हजचे दिवस सोडून टुरिस्ट व्हिसावर उमराही करता येतो.