झेनॉन गळतोय हे जमिनीवरून कसे कळते?

ॲस्ट्रोसॅट हा भारताचा खगोल-निरीक्षण उपग्रह 28 सप्टेंबर 2015 रोजी अवकाशात गेला. त्यावरच्या लॅक्सपीसी या क्ष-किरण उपकरणात एकसारख्या दिसणाऱ्या तीन मोठ्या पेट्या आहेत, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) बांधलेल्या. प्रत्येक पेटीत साधारण दोन वातावरण दाबाने झेनॉन भरलेला, त्यात थोडा मिथेन, आणि आत बारीक तारांच्या रांगा ताणलेल्या. तारांवर दोन हजारांहून जास्त व्होल्ट असतात. क्ष-किरणाचा फोटॉन झेनॉनच्या अणूत शोषला गेला की इलेक्ट्रॉन सुटतात. तारेकडे धावताना ते आणखी इलेक्ट्रॉन सोडवत जातात आणि शेवटी मोजता येण्याजोगा विद्युत स्पंद मिळतो. फोटॉनची ऊर्जा जास्त, तर स्पंद उंच. ही वाढ किती पट होते, त्याला गेन म्हणतात.

व्होल्टेज, तापमान, विद्युतप्रवाह यांचे आकडे उपग्रहाकडून नियमित उतरतात. ते मर्यादेत आहेत ना, हे संगणक बघतो. पण व्होल्टेज चोख असूनही उपकरण चुकीची ऊर्जा सांगत असू शकते आणि ही चूक त्या आकड्यांत दिसत नाही. म्हणून दुकानातला तराजू तपासायला प्रमाणित वजन ठेवावे, तसा पेटीत अमेरिशियम-241 चा छोटा किरणोत्सारी स्रोत बसवला आहे. त्याचे फोटॉन 59.5 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे (हे ऊर्जेचे एकक) असतात. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे तीव्रता निम्मी व्हायला लागणारा काळ, 432 वर्षे असल्याने मोहिमेच्या काळात तो क्षीण होण्याची भीती नाही. वर्णपटात, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती फोटॉन आले याच्या आलेखात, त्याचे दोन उंचवटे दिसतात: एक 60 च्या आसपास, दुसरा 30 च्या आसपास. काही वेळा झेनॉनचा स्वतःचा किरण उरलेली ऊर्जा घेऊन निसटतो, त्यातून हा दुसरा येतो.

आता निदान. वायू गळू लागला की तो विरळ होतो. दोन टकरींच्या मधल्या वाटेत इलेक्ट्रॉनला जास्त ऊर्जा मिळते, गेन वाढतो आणि उंचवटा वरच्या बाजूला सरकतो. उलट, वायूत ऑक्सिजन किंवा पाण्याची वाफ शिरली तर ते रेणू इलेक्ट्रॉन गिळतात. उंचवटा खाली सरकतो आणि पसरटही होतो. म्हणजे सरकण्याची दिशा आणि रुंदी एकत्र पाहिली की दुखणे कोणते ते बहुतेक कळते. अशुद्धीवर इलाज आहे: उपकरणातच वायू फिरवून शुद्ध करणारी यंत्रणा बसवलेली आहे. गळतीवर मात्र खरा इलाज नाही. व्होल्टेज थोडे थोडे उतरवून उंचवटा जागेवर आणता येतो, पण विरळ वायूतून जास्त ऊर्जेचे फोटॉन न थांबताच आरपार जातात. ती तूट कितीही व्होल्टेज बदलले तरी भरून निघत नाही.

तिसऱ्या पेटीचे, लॅक्सपीसी-30 चे, नेमके हेच झाले. वायू गळत गेला, गेन सावरता येईना आणि मार्च 2018 मध्ये ती बंद करण्यात आली. त्याच महिन्यापासून लॅक्सपीसी-10 चा गेनही भरवशाचा राहिला नाही. त्यानंतरच्या बहुतेक शोधनिबंधांत फक्त लॅक्सपीसी-20 ची मोजमापे वापरलेली दिसतात, त्याचे कारण हे. तीन वेगळ्या पेट्या ठेवण्याचा निर्णय किती शहाणपणाचा होता, हे अशा वेळी कळते.

प्रत्येक उपकरणाचे दुखणे वेगळे. ॲस्ट्रोसॅटवरच्याच एसएक्सटी या क्ष-किरण दुर्बिणीचा सीसीडी (प्रतिमा टिपणारी चिप) उणे 80 अंश सेल्सियसच्या आसपास थंड ठेवतात आणि त्याच्या चारही कोपऱ्यांवर लोह-55 चे स्रोत आहेत. लोह-55 चा अर्धायुकाल जेमतेम 2.7 वर्षे, त्यामुळे आठ वर्षांत त्याची तीव्रता साधारण आठव्या हिश्शावर येते. मग टायको सुपरनोव्हाच्या (स्फोट झालेल्या ताऱ्याच्या) अवशेषातल्या सिलिकॉनची ठराविक ऊर्जेची रेषा वापरावी लागते. सीझेडटीआय या उपग्रहावरच्या आणखी एका क्ष-किरण उपकरणात 16,384 पिक्सेल आहेत. काही पिक्सेल किरण नसतानाही बडबड करतात, ते ओळखून गप्प करावे लागतात. तिथेही अमेरिशियमच वापरला आहे, पण युक्ती सुरेख आहे: स्रोताच्या प्रत्येक फोटॉनसोबत अल्फा कणही सुटतो. शेजारचा स्फटिक तो अल्फा कण पकडतो, म्हणून कोणता फोटॉन स्रोताचा आणि कोणता आकाशातला, हे जवळजवळ खात्रीने वेगळे करता येते.

 

ऊर्जेचे माप असे पेटीतल्या स्रोतावर तपासता येते, पण एकूण किती फोटॉन पकडले जातात हे तपासायला आकाशातला ओळखीचा स्रोत लागतो. क्रॅब तेजोमेघ हा सुपरनोव्हाचा अवशेष वर्षानुवर्षे त्यासाठी वापरला गेला, कारण तो स्थिर मानला जाई. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की 2008 ते 2010 या काळात क्रॅब क्ष-किरणांत सुमारे 7 टक्क्यांनी मंदावला होता. एकाच उपकरणाने हे सांगितले असते तर दोष त्या उपकरणाच्या माथी मारून सगळे मोकळे झाले असते. चार वेगवेगळ्या उपग्रहांवरच्या उपकरणांनी तीच घट दाखवली, म्हणून ती मान्य झाली. त्यामुळे क्रॅबचा आकडा घसरला की आधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात: त्याच दिवसांत दुसऱ्या दुर्बिणीने तो किती मोजला, आणि पेटीतला 60 चा उंचवटा जागेवर आहे का.