जॅझमधील स्विंग आणि स्ट्रेट एट्थ

जॅझ वादनात एका मात्रेचे दोन भाग पाडण्याच्या या दोन पद्धती आहेत. चार मात्रांच्या बारमध्ये, म्हणजे एका लयखंडात, आठ एट्थ नोट, म्हणजे अर्ध्या मात्रेचे स्वर, बसतात. मात्रेचे दोन्ही भाग सारखे ठेवले की ते स्ट्रेट. पहिला लांबवून दुसरा उशिरा आणि आखूड वाजवला की स्विंग. कागदावर दोन्ही बहुधा अगदी सारखेच दिसतात. डोक्यावर 'स्विंग' किंवा 'स्ट्रेट' असा एखादा शब्द असतो, पुष्कळदा तोही नसतो.

नवशिक्याला सांगतात ते असे: मात्रेचे तीन समान भाग करा आणि पहिले दोन जोडा. तबल्याची ओळख असणाऱ्याला ही तिस्र जातीच वाटेल. प्रमाण होते 2:1. सुरुवातीला हे उपयोगी आहे, पण कायम तेवढेच धरून ठेवले तर वादन उड्या मारल्यासारखे ऐकू येते, कारण हे प्रमाण लयीनुसार बदलते. स्वीडनमधील एका अभ्यासात (2002) टोनी विल्यम्स, जॅक डीजॉनेट आदी ड्रमवादकांचे राइड सिंबलवरचे (ठेका सतत चालू ठेवणाऱ्या मोठ्या धातूच्या थाळीवरचे) ठोके मोजले गेले. संथ लयीत प्रमाण 3.5:1 पर्यंत जाते आणि अतिद्रुत लयीत 1:1 कडे येते, असे त्यात आढळले. मध्यम लयीपासून पुढे आखूड स्वर साधारण 100 मिलिसेकंदांवर टिकून राहतो. आकसतो तो लांब स्वर. मिनिटाला 240 मात्रांच्या लयीत एक मात्रा 250 मिलिसेकंदांची, म्हणजे लांब स्वराला उरतात जेमतेम 150.

एकलवादक तर ड्रमपेक्षाही सपाट, म्हणजे 1:1 च्या अधिक जवळ, वाजवतात. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची वेगवान वाक्ये संथ करून ऐकली तर स्वर बरेचसे समान लांबीचे निघतात, तरीही ती स्विंग करतात यावर कुणाचे दुमत नाही. याचे एक कारण उच्चारात आहे. सॅक्सोफोनवादक मात्रेच्या मधल्या स्वरावर जिभेचा आघात करून तिथून पुढच्या मात्रेत घसरत जातो. वजन मात्रेवर न पडता तिच्या आधी पडते. दुसरे कारण 2022 मध्ये गोटिंगेनच्या मॅक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी दाखवले: एकलवादक मात्रेवरचा स्वर किंचित, सुमारे 30 मिलिसेकंद, मागे ठेवतो, मधला स्वर मात्र साथीबरोबर नेमका जुळवतो. स्विंगचा प्राण 2:1 पेक्षा या ओढीत अधिक आहे.

1924 मध्ये ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनच्या वाद्यवृंदात आला आणि त्याच्या वाक्यरचनेपुढे बाकीच्यांचे वादन ताठर वाटू लागले. 1930 च्या दशकात काउंट बेसीच्या वाद्यवृंदात ड्रमवादक जो जोन्सने लयीचा प्रवाह हाय-हॅटवर (पायाने मिटणाऱ्या जोडथाळ्यांवर) आणला, पुढे केनी क्लार्कने तो राइड सिंबलवर नेला. मुंबईत 1935 मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन वादक लिऑन अ‍ॅबीचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत तयार झालेले वादक नोटेशन सफाईने वाचत. स्विंग त्यांनी रेकॉर्डवरून आणि कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांच्या शेजारी बसून उचलले. त्यांच्यापैकी ट्रंपेटवादक चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्र यांच्याकडे आले आणि हा बाज 'अलबेला' (1951) पर्यंत पोहोचला.

स्ट्रेट एट्थ म्हणजे स्विंग न जमणे, हा समज चुकीचा आहे. 1947 मध्ये ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पीने क्यूबाचा तालवादक चानो पोझो याला सोबत घेतले, 1960 च्या सुमारास ब्राझीलचा बोसा नोव्हा हा संगीतप्रकार आला, दशकाच्या अखेरीस रॉकचा ठेका. या सगळ्यांत मात्रेचे भाग समान आहेत आणि डौल आघातांच्या मांडणीतून येतो. 'अ नाइट इन ट्युनिशिया' या एकाच रचनेत दोन्ही भेटतात: मुख्य भागात बासची (खर्जातल्या तंतुवाद्याची) आफ्रो-क्यूबन सरळ चाल, मधल्या आठ बारमध्ये स्विंग. हे सांधे ड्रम आणि बासने एकाच क्षणी ओलांडावे लागतात. एकाने आधीची चाल अर्धी मात्रा जरी ओढली तरी सगळा गट डगमगतो, म्हणून विद्यार्थ्यांकडून ही रचना आवर्जून वाजवून घेतली जाते.