नुसता डिटेक्टर गार करून भागत नाही

दुर्बिणीला लावलेल्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यात डिटेक्टर (प्रकाश टिपणारी चिप) तेवढा थंड ठेवला की पुरे, हा समज जुना आहे आणि अर्धाच खरा. ७७ केल्विनच्या (उणे १९६ अंश सेल्सिअस) आसपास डिटेक्टरचा स्वतःचा डार्क करंट, म्हणजे प्रकाश नसतानाही वाहणारा प्रवाह, दबतो. पण त्याला समोर जे दिसतं त्याचं काय? ३०० केल्विनची, म्हणजे खोलीच्या तापमानाची वस्तू १० मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक प्रारण सोडते, तरी २.२ मायक्रॉनच्या के पट्ट्यातही (इन्फ्रारेडमधला एक तरंगलांबीचा पट्टा) तिचा उपद्रव होतोच. म्हणून फिल्टर, भिंगं, बॅफल (आडवाटेचा प्रकाश अडवणारे पडदे) सगळंच निर्वात क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे थंड ठेवलेल्या बंद भांड्यात जातं.

खरी मेख कोल्ड स्टॉपची. दुर्बिणीच्या आरशाची प्रतिमा जिथे पडते तिथे हा थंड पडदा बसवतात, छिद्र प्रतिमेपेक्षा किंचित लहान. स्वच्छ आरसा स्वतः फारसं प्रारण सोडत नाही. त्याच्या कडेबाहेर डोकावणारा दुर्बिणीचा सांगाडा आणि घुमटाची भिंत मात्र भरपूर सोडतात, आणि स्टॉप तेच अडवतो. स्टॉप जरा सरकला की पार्श्वभूमी, म्हणजे हे नकोसं प्रारण, एका बाजूने चढते. आणि तो सरकतोच: खोलीच्या तापमानापासून ७७ केल्विनपर्यंत ॲल्युमिनियम सुमारे ०.४ टक्के आक्रसतं, म्हणजे १०० मिमीला ०.४ मिमी. हा हिशोब आराखड्यातच धरावा लागतो. गरम असताना तंतोतंत जुळवलेली मांडणी थंडीत बिघडते.

क्रायोस्टॅटची खिडकी जवळपास बाहेरच्याच तापमानाला राहते, आतल्या थंडीने किंचितच गार पडते. तिच्यावर दव धरू नये म्हणून कोरडी हवा सोडतात.