खाणीतल्या धोक्याबद्दल बोलायचं कुणी?

नवी कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि ‘महिलांना भूमिगत खाणीची दारं खुली’ अशा बातम्या आल्या. चंद्रपूर, वणी, उमरेडकडच्या वाचकाने त्या वाचल्या असतील तेव्हा त्याला आपल्या पणजीची आठवण झाली असेल का, कुणास ठाऊक. कारण ही दारं मुळात बंद नव्हती. ती बंद केली गेली, मग उघडली, परत बंद केली, आणि दर वेळी कारण वेगळं होतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झरिया-राणीगंजच्या कोळसा खाणीत नवरा-बायको जोडीने उतरत. तो ‘मलकट्टा’, म्हणजे कोळसा फोडणारा. ती ‘कामीन’, टोपली भरून ती डोक्यावरून किंवा कमरेवरून टबापर्यंत, म्हणजे रुळांवरच्या कोळशाच्या डब्यापर्यंत, नेणारी. आपल्याकडे मजूर बाईला ‘रेजा’ म्हणतात, तसाच हा शब्द. मजुरी माणसामागे नव्हती, टबामागे होती. दिवसाकाठी जोडीने जितके टब भरले, तितके पैसे. तान्हं मूल असेल तर तेही खाली जाई. वर सांभाळणार कोण? १९२० च्या सुमारास कोळसा खाणींतल्या एकूण कामगारांत एक तृतीयांशाहून जास्त बायका होत्या. १९०१ मध्ये पहिला खाण कायदा झाला, त्याआधी कोलार आणि बलुचिस्तानातल्या खोस्ट इथे मोठे अपघात झाले होते. १९०२ मध्ये कलकत्त्याला खाण तपासणीचं कार्यालय उघडलं. तेच पुढे धनबादला गेलं आणि आजचं खाण सुरक्षा महासंचालनालय, म्हणजे डीजीएमएस, झालं. कायदा आला, तपासनीस आले, पण बाई टोपली घेऊन खाली जातच राहिली. १९२३ च्या कायद्याने तेरा वर्षांखालच्या मुलांना खाणीबाहेर काढलं आणि कामाचे तास ठरवले. बायकांचा प्रश्न तेव्हा फक्त पुढे ढकलला.

मार्च १९२९ मध्ये नियम निघाले. बाकीच्या खाणींत १ जुलैपासून बायका भूमिगत कामाला नकोत. बंगाल, बिहार-ओरिसा आणि मध्य प्रांतातल्या कोळसा खाणींना (म्हणजे आपल्या चंद्रपूर भागालाही) मुदत मिळाली: भूमिगत कामगारांत बायका २९ टक्क्यांपर्यंत चालतील, मात्र दरवर्षी ३ टक्के कमी करत १९३९ पर्यंत शून्यावर आणायच्या. गंमत अशी, की कामगारांच्या परिस्थितीची चौकशी करायला नेमलेलं व्हिटली कमिशन त्यानंतर कामाला लागलं. त्यात आपले ना. म. जोशी सदस्य होते. कमिशनने कामगारांच्या साक्षी घेतल्या, कोळसापट्ट्यातही जाऊन आलं. पण ज्या गोष्टीचा फटका कामिनीला सर्वात जास्त बसणार होता, ती आधीच छापून झाली होती.

हेतू वाईट होता असं म्हणता येणार नाही. खाली काळोख, ओल, छत कधी बसेल याचा भरवसा नाही, गरोदरपणातही टोपली सुटत नाही; हे थांबावं असं वाटणारी माणसं प्रामाणिक होती. पण घरचं गणित कुणी मांडलं नाही. बाई वर आली की मलकट्टा एकतर स्वतः टब भरणार, म्हणजे फोडणं कमी. नाहीतर दुसरा माणूस घेणार, म्हणजे पैशात वाटेकरी. दोन्हीकडून चुलीवरचं भांडं हलकं. वर त्या बाईला काम मिळालं तरी कमी मजुरीचं. १९३५ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने स्त्रियांच्या भूमिगत कामाला बंदी घालणारा ४५ क्रमांकाचा करार केला. हिंदुस्थान सरकारने १९३९ ची वाट न पाहता १ ऑक्टोबर १९३७ पासूनच संपूर्ण बंदी आणली.

मग युद्ध आलं. विमानतळ, रस्ते, छावण्या बांधायला मजूर हवे होते आणि तिथे रोजी बरी मिळत होती. खाणी ओस पडू लागल्या, कोळसा घटला. ऑगस्ट १९४३ पासून सरकारने बंदी उठवायला सुरुवात केली. ज्या बायकांना सहा वर्षांपूर्वी त्यांच्या भल्यासाठी वर काढलं होतं, त्यांना आता देशाच्या गरजेसाठी खाली बोलावलं. अखिल भारतीय महिला परिषदेने याला जोरदार विरोध केला. रेणुका राय हे त्या मोहिमेतलं ठळक नाव.

त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. मराठी वाचकाला त्यांचं हे पर्व संविधान आणि महाडच्या मानाने कमी माहीत असतं. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसापट्ट्यात गेले, स्वतः खाली उतरले, कामगारांच्या वस्त्या पाहिल्या. ८ फेब्रुवारी १९४४ ला केंद्रीय विधिमंडळात बंदी उठवण्यावर चर्चा झाली, तेव्हा सरकारचा बचाव त्यांनाच करावा लागला. हा उपाय तात्पुरता आहे, आणीबाणीचा आहे, ही त्यांची मांडणी. पण त्याच भाषणात त्यांनी एक मुद्दा ठासून सांगितला: या बायकांना पुरुषांइतकीच मजुरी द्यावी लागेल, आणि स्त्री-पुरुष न पाहता समान कामाला समान दाम हे तत्त्व एखाद्या उद्योगात बहुधा पहिल्यांदाच येत आहे. समान वेतनाचा कायदा व्हायला पुढे १९७६ उजाडलं, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या वाक्याचं वजन कळतं.

ज्या आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली होती, त्यांच्याच हाताखाली खाणींसाठीच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात (मूळ कायदा १९४१ चा) भूमिगत काम करणाऱ्या बायकांसाठी सुधारणा झाल्या. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. १ फेब्रुवारी १९४६ ला बंदी परत आली, आणि १९५२ च्या खाण कायद्याच्या ४६ व्या कलमात तिला पक्कं घर मिळालं: बाई जमिनीखाली नाही, आणि जमिनीवरही सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळेत. पाळणाघराचे नियम झाले, वेगळ्या संडासाची तरतूद झाली, आणि ज्यांच्यासाठी त्या होत्या त्या बायका वर्षागणिक कमी होत गेल्या.

सुरक्षेबाबत पुरुष कामगाराचं तरी कोण ऐकत होतं? इथे इतिहास मोठ्या अपघातांच्या तारखांनी पुढे सरकतो. फेब्रुवारी १९५८ मध्ये चिनाकुरीला स्फोट झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. त्याच वर्षी सरकार, मालक आणि संघटनांना एकत्र बसवणारी पहिली खाण सुरक्षा परिषद भरली. १९६५ मध्ये धोरी, २६८ मृत्यू. २७ डिसेंबर १९७५ ला चासनालात पाणी घुसलं आणि पावणेचारशेच्या आसपास माणसं आत राहिली. तोवर खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे आपली ‘वेकोलि’, त्याच वर्षी स्थापन झाली. मालक बदलला म्हणून छत किंवा पाणी ऐकत नाही, हे चासनालाने दाखवलं.

सुरक्षा परिषदांमधून एक मागणी वारंवार येत राहिली, की कामगाराचा स्वतःचा तपासनीस असावा. १९८० च्या दशकात ती खाण नियमांत उतरली. ५०० किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या खाणीत कामगार तपासनीस नेमायचे: एक खाणकामासाठी, एक विजेसाठी, एक यंत्रांसाठी, तेही संघटनेशी सल्लामसलत करून. आणि शंभरावर माणसं असतील तिथे सुरक्षा समिती, जिची बैठक तीस दिवसांत एकदा तरी व्हायलाच हवी.

कागदावर ही रचना साधी आहे, म्हणून जवळून पाहण्यासारखी. समजा, पहिल्या पाळीला कामगार तपासनीस फेसवर, म्हणजे जिथे कोळसा फोडतात तिथे, गेला. छताला हातातल्या सळईने ठोकून पाहिलं. टणक छत खणखणतं, पोकळ छत ढब्ब वाजतं. कुठे खांब नाही, कुठे पाण्याचा झिरपा वाढला आहे, हवा कुठे कोंडली आहे. वर आल्यावर तो हे सगळं नोंदवहीत लिहितो आणि खाली सही करतो. त्याच वहीत मॅनेजरला काय दुरुस्ती केली ते लिहावं लागतं. पाच-दहा ओळींचाच मजकूर असतो. पण उद्या अपघात झाला आणि चौकशी बसली, तर ती वही पहिल्यांदा मागवली जाते. म्हणूनच ती कशी लिहिली जाते याला महत्त्व आहे, आणि म्हणूनच ‘सब ठीक’ अशा एकसारख्या नोंदींचं पान मला कोसळलेल्या छताइतकंच धोक्याचं वाटतं.

समितीचीही तशीच गत. अध्यक्ष मॅनेजर, सचिव सुरक्षा अधिकारी, व्यवस्थापनाने दिलेले पाच, कामगारांनी दिलेले पाच, शिवाय कामगार तपासनीस. आयटक, इंटक, एचएमएस, बीएमएस, सीटू या संघटनांचं जिथे बळ आहे तिथे कामगारांच्या बाजूचे लोक आवाज चढवून बोलतात. जिथे ओबी, म्हणजे कोळशावरचा माती-दगडाचा थर, काढण्यापासून कोळसा वाहण्यापर्यंत सगळं कंत्राटावर आहे, तिथे बोलणारा आधी शेजारी ठेकेदाराचा मुन्शी उभा आहे का ते बघतो. व्याख्येप्रमाणे कंत्राटी कामगारही खाणीचाच माणूस. पण ज्याचं उद्याचं काम आजच्या गप्प बसण्यावर आहे, त्याच्याकडून ‘छत वाजतंय’ हे ऐकायची अपेक्षा कशी करायची?

आरोग्याच्या बाबतीत तर गप्प बसायला धमकीचीही गरज नसते. कोळशाची धूळ फुप्फुसात साचते, दगडाच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, आणि हे सगळं अनेक वर्षांनी कळतं. भंडारा-नागपूरच्या मँगनीज पट्ट्यात, चिकला, डोंगरी बुजुर्ग, कांद्री या भागात आणखी एक धोका आहे: मँगनीजची धूळ मज्जासंस्थेवर जाते, चाल अडखळते, हात थरथरतो, बोलणं जड होतं. नियमाप्रमाणे नोकरीला लागताना आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी. पण ठेकेदार दर दोन-तीन वर्षांनी बदलत असेल, तर पाच वर्षं मोजायची कुठून?

बायका मात्र या काळात आकड्यांतून विरळ होत गेल्या. भूमिगत खाणींपेक्षा उघड्या खाणी वाढल्या. आज देशातला बहुतेक कोळसा तिथूनच येतो. टोपलीच्या जागी शॉवेल आणि डंपर आले, आणि शॉवेल-डंपर शिकायला घरातला मुलगा गेला. जमिनीच्या बदल्यात नोकरी मिळाली तीही बहुतेक घरांत मुलालाच, सातबारावर नाव कुणाचंही असो. बाई पटावर आली ती बरेचदा नवरा गेल्यावर. वेतन कराराप्रमाणे मृत कामगाराच्या पत्नीला वयाच्या ४५ वर्षांपर्यंत नोकरी किंवा दरमहा रक्कम यांतून निवड करता येते. नोकरी घेतली तर बहुधा जनरल मजदूर म्हणून. फाइली पोचवणं, झाडलोट, कँटीन. खाणीच्या पटावर असूनही खाणीच्या कामापासून दूर.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून कलम ४६ सैल केलं. बायका जमिनीवर रात्रपाळीही करू शकतील. जमिनीखाली सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत, तेही तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापकीय कामावर. लेखी संमती हवी, आणि एकटीला न पाठवता किमान तिघींच्या गटात. त्यामुळे खाण अभियांत्रिकी शिकलेल्या मुलींची वाट मोकळी झाली, ही चांगलीच गोष्ट. कामिनीची नात मात्र त्या सवलतीत बसत नव्हती. तिच्याकडे पदविका कुठे? नव्या संहितेने ती अटही काढली. संमती असेल तर कुठलंही काम, कुठलीही पाळी. १९३५ चा तो ४५ क्रमांकाचा करारही आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून २०२४ मध्ये रद्द केला.

याच संघटनेचा १९९५ चा १७६ क्रमांकाचा खाण सुरक्षा करार मात्र भारताने अजून मान्य केलेला नाही. त्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत: कामगारांनी आपले सुरक्षा प्रतिनिधी स्वतः निवडायचे, आणि जीवाला धोका वाटला तर ती जागा सोडायचा हक्क कामगाराला आहे. आपल्या संहितेत धोका वाटला तर मालकाला आणि निरीक्षकाला कळवायचा हक्क आहे. कळवायचा, निघून यायचा नव्हे. सुरक्षा समितीबद्दलही संहितेची भाषा ‘सरकार आदेशाने समिती नेमायला सांगू शकेल’ अशी आहे, जुन्या नियमांतला शंभर माणसांचा ठाम आकडा मूळ कलमात नाही.

आणि जुन्या नियमांत कामगारांच्या त्या पाच जागा होत्या, त्यांत एक तरी बाईची असावी असं कुठे लिहिलेलं नव्हतं. तिघींच्या गटाने खाली जाणाऱ्या मुलींना छत ठोकून ऐकायला शिकवलं जातं. पाळीभर संडासाची सोय नाही म्हणून त्यातली एखादी पाणी प्यायचं टाळत असेल, तर ते कुठल्या वहीत लिहायचं आणि खाली सही कुणी करायची, हे अजून ठरलेलं नाही.