आकस आणि ग्रह

‘तुझा माझ्याबद्दल ग्रह झालाय’ असं आपण घरातल्या माणसालाही म्हणतो. (हा ग्रह कुंडलीतला नव्हे, मनातला.) त्यात रुसवा असतो, पण आरोप फार मोठा नसतो. कुठून तरी ऐकलेलं मनात बसलंय आणि आता तू मला त्यातूनच बघतोयस, एवढंच म्हणायचं असतं. ‘तुझा माझ्यावर आकस आहे’ हे वाक्य मात्र तोंडातून गेलं की भांडण ठरलेलं.

रोजच्या बोलण्यात हा फरक आपल्याला नेमका कळतो. अमेरिकेतल्या पोलिसांच्या आणि कोर्टांच्या बातम्या वाचताना तो कुठे जातो कोण जाणे. तिथे आकस आणि ग्रह दोन्हींना आपण ‘वर्णद्वेष’ म्हणून मोकळे होतो. शब्दातच द्वेष, म्हणजे द्वेष करणारा कुणीतरी हवाच. तो सापडला नाही की प्रकरण ‘उगाच बोंब’ म्हणून बाजूला पडतं.

स्टॅनफर्डमधल्या सामाजिक मानसशास्त्रज्ञ जेनिफर एबरहार्ट यांचं बरंचसं काम या दोन शब्दांच्या फटीत आहे. त्या स्वतः कृष्णवर्णीय. एकदा पाच वर्षांच्या मुलाला घेऊन त्या विमानात बसल्या होत्या. मुलाने एका कृष्णवर्णीय प्रवाशाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, हा बाबांसारखा दिसतो. अजिबात दिसत नव्हता. पुढचं वाक्य त्याहून विचित्र होतं: हा माणूस विमान लुटणार नाही ना? आईने विचारलं, असं का म्हणालास? पोरगं गंभीर होऊन म्हणालं, का म्हणालो ते मला माहीत नाही. त्या मुलाला आकस कुठला असणार! ग्रह मात्र पाचव्या वर्षीच झाला होता, तोही आपल्याच बापासारख्या माणसांबद्दल.

हे प्रयोगशाळेत कसं पकडायचं? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना पडद्यावर चेहरे इतक्या झरकन दाखवले, की आपण चेहरा पाहिला हेही त्यांना कळू नये. मग एक अगदी धूसर चित्र आलं, टीव्हीवर मुंग्या आल्यासारखं, आणि टप्प्याटप्प्याने स्पष्ट होत गेलं. काय आहे ते ओळखलं की बटण दाबायचं. चित्र पिस्तुलाचं किंवा सुरीचं असेल, तर आधी कृष्णवर्णीय चेहरे ‘पाहिलेल्यांना’ ते लवकर ओळखू आलं. गोरे चेहरे पाहिलेल्यांना उशीर लागला. स्टेपलर किंवा कॅमेऱ्यासारख्या साध्या वस्तूंच्या बाबतीत असं काही झालं नाही. वंशाबद्दल उघडपणे कोण काय मत बाळगतो, यानेही निकालात फरक पडला नाही. ग्रह वेगळा मोजावा लागतो तो यासाठी. माणसाला त्याचं मत विचारून तो सापडत नाही.

आता आकस बघा. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात १९८७ साली टिमथी फॉस्टर या कृष्णवर्णीय आरोपीवर खुनाचा खटला चालला. ज्यूरी सगळी गोरी निघाली. सरकारी वकिलांनी ज्यूरीसाठीच्या कृष्णवर्णीय उमेदवारांना वगळताना वंशाशी संबंध नसलेली कारणं कोर्टाला सांगितली होती. जवळजवळ वीस वर्षांनी त्यांच्या फाइलमधले कागद बाहेर आले. उमेदवारांच्या यादीत कृष्णवर्णीयांची नावं हिरव्या हायलाइटरने रंगवलेली होती. काहींपुढे इंग्रजी ‘बी’ अक्षर आणि क्रमांक, बी म्हणजे ब्लॅक. ‘नक्की नको’ अशा सहा नावांच्या यादीत पहिली पाच कृष्णवर्णीयांची. २०१६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सातास एक अशा मतांनी फॉस्टरच्या बाजूने निकाल दिला. आकसाला असा कागद लागतो, आणि कागद सापडायला नशीब.

त्याच राज्यातला, त्याच १९८७ सालात निकाल लागलेला दुसरा खटला मृत्युदंडाची शिक्षा झालेल्या वॉरन मॅक्लेस्की या कृष्णवर्णीय आरोपीचा. मला हा जास्त अस्वस्थ करतो. त्याच्या वकिलांकडे हिरवा हायलाइटर नव्हता, आकडे होते. जॉर्जियातल्या दोन हजारांहून अधिक खून प्रकरणांचा तो अभ्यास सांगत होता, की मेलेला माणूस गोरा असेल तर मृत्युदंडाची शक्यता ४.३ पट होते. सर्वोच्च न्यायालयाने हे आकडे खरे धरूनच चालू, असं म्हटलं आणि तरीही पाचास चार मतांनी अपील फेटाळलं. कारण? याच खटल्यात, याच आरोपीविरुद्ध कुणी मुद्दाम भेदभाव केला ते दाखवा. म्हणजे आकस सिद्ध करा. १९९१ साली मॅक्लेस्कीला मृत्युदंड दिला गेला. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी निवृत्तीनंतर आपल्या चरित्रकाराला सांगितलं, की एखादं मत बदलता आलं असतं तर याच खटल्यातलं बदललं असतं.

एबरहार्ट यांचा २००६ सालचा एक अभ्यास इथे आठवतो. फिलाडेल्फियात मृत्युदंड होऊ शकेल अशा खटल्यांतल्या कृष्णवर्णीय आरोपींचे फोटो त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवले. हे कोण आहेत हे न सांगता एवढंच विचारलं, की चेहरा किती ‘ठरावीक कृष्णवर्णीय’ वाटतो. मृत व्यक्ती गोरी असलेले असे ४४ खटले होते. ज्यांचे चेहरे जास्त तसे वाटले, त्यांच्यापैकी ५७.५ टक्क्यांना मृत्युदंड झाला होता. कमी वाटले त्यांच्यापैकी २४.४ टक्क्यांना. गुन्ह्याची गंभीरता वगैरे हिशेबात धरूनही. ओठांची जाडी आणि नाकाची रुंदी पाहून शिक्षा ठरवा, असं कोणत्याही ज्यूरीला कुणी सांगितलं नव्हतं.

पोलिसांकडे वळू. कॅलिफोर्नियातल्या ऑकलंड शहरात २०१३-१४ च्या तेरा महिन्यांत पोलिसांनी २८,११९ वेळा कुणाला तरी थांबवलं. शहरात कृष्णवर्णीय २८ टक्के, थांबवलेल्यांत ६० टक्के. पण ग्रह कसा दिसतो ते आकड्यांपेक्षा बोलण्यात जास्त कळतं. एबरहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांतून ९८१ वाहनथांब्यांचं संभाषण उतरवून घेतलं आणि कुणाशी बोलणं चाललंय ते न सांगता लोकांना त्यातल्या वाक्यांतला आदर जोखायला लावला. त्यावर बेतलेल्या संगणकी मोजमापात गोऱ्यांच्या वाट्याला ‘सर’, ‘मॅडम’, ‘सॉरी, थांबवावं लागलं’, ‘नीट जा’ जास्त आलं. कृष्णवर्णीयांच्या वाट्याला नुसतं पहिलं नाव, ‘हात स्टिअरिंगवर ठेव’. शिवी कुठे नाही, धमकी नाही. फरक ‘अहो’ आणि ‘अरे’चा, आणि तो काय असतो हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. अधिकारी कृष्णवर्णीय असला तरी हा फरक राहिला. एकच संभाषण उचलून ‘हा बघा वर्णद्वेष’ म्हणालात तर लोक हसतील. शेकडो एकत्र ठेवली की दिसतं.

एक धोकाही आहे. या ग्रहालाच ‘नेणिवेतला पूर्वग्रह’ म्हणतात, आणि तो शब्द पळवाट म्हणून फार सोयीचा आहे. मी नाही केलं, माझ्या मेंदूने केलं! कंपन्या आणि पोलीस खाती दिवसभराचं प्रशिक्षण घेतात, प्रमाणपत्रं वाटतात आणि विषय मिटवतात. अशा एका दिवसाने ग्रह जात असते तर आपल्याकडची निम्मी सासर-माहेरची भांडणं मिटली असती. शिवाय ग्रहाच्या आड खराखुरा आकसही लपू शकतो. फॉस्टरच्या खटल्यातल्या सरकारी वकिलांचे कागद सापडले नसते तर तेही ‘नेणिवेतलं’ म्हणून खपलं असतं.

दोन्हींवरचे उपाय मात्र वेगळे. आकसासाठी माणूस पकडावा लागतो. ग्रहासाठी त्याला चरायला मिळणारं कुरण कमी करावं लागतं. घाई, अंदाज, ‘संशयास्पद वाटला’ हे ते कुरण. ऑकलंड पोलिसांनी थांबवल्यावर भरायच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवला: या व्यक्तीला नेमक्या माहितीच्या आधारे थांबवलंय का? हो किंवा नाही. कुणाच्या मनात काय आहे हे फॉर्म विचारत नव्हता. पण रात्री रस्त्यावर उभं राहून ‘नाही’वर खूण करायची म्हटली की हात जरा अडतो. २०१७ साली सुमारे ३२,००० वेळा लोकांना थांबवलं होतं, वर्षभरात ते १९,००० वर आलं. कृष्णवर्णीयांना थांबवणं ४३ टक्क्यांनी घटलं, आणि शहरातले गुन्हे वाढले नाहीत.