घाट चढून आला तो वाळलेला मासा

आमच्याकडच्या आठवडी बाजारात भाजीची रांग संपली की आधी वास येतो, मग पाटी दिसते. सुकट, बोंबील, खारा बांगडा. सातारा-सांगलीकडच्या माणसाला समुद्र भेटला तो असा, पाटीतून. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने आणि रत्नागिरीकडून आंबा घाटाने मीठ व सुकी मासळी बैलांच्या पाठीवर वर यायची. धान्य, मिरची, गूळ खाली जायचा. ताजा मासा म्हणजे कृष्णा-वारणेचा.

यात एक गंमत आहे. बोंबलात चरबी फार कमी, म्हणून तो बांबूच्या वलांडीवर टांगून नुसत्या उन्हात, मिठाशिवायही खडखडीत वाळतो. तारली तेलकट; वाळवायला घ्यावी तर तेल खवट होते. म्हणजे मिठाशिवाय घाटावर पोचायला मासा मुळात रोडच असावा लागे. आज ज्याचे एवढे कौतुक चालते ते ओमेगा-३ मेद तेलकट माशांत असते, आणि ते बरेचसे खालीच राहिले. वर आली ती प्रथिने. पाणी उडून गेल्यामुळे १०० ग्रॅम सुक्या बोंबलात ती ६० ग्रॅमच्या आसपास भरतात. सुकट सालासकट खाल्ली जाते, त्यामुळे कॅल्शियमही चांगले मिळते. तव्यावर लसूण-मिरचीत परतलेली मूठभर सुकट आणि ज्वारीची भाकरी हे गरिबाचे जेवण काही हलके नव्हते. फक्त सुकट नीट धुतली नाही तर दाताखाली वाळू कचकचते. खाऱ्या बांगड्याचे गणित वेगळे. त्यात मीठ इतके मुरलेले असते की रक्तदाबवाल्याने चव घेण्यापुरताच खावा.

'मासा हृदयाला चांगला' हे बोलणे तसे अलीकडचे. १९७० च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडमधल्या इनुइट लोकांचे रक्त तपासले आणि त्यांच्यात कमी समजल्या जाणाऱ्या हृदयविकाराचा संबंध समुद्री आहाराशी जोडला. पुढे माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचा धंदा वाढला. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे २६ हजार लोकांवरच्या 'व्हायटल' चाचणीत मात्र त्या कॅप्सूलने हृदयविकाराचे झटके, पक्षाघात व हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून ठळकपणे कमी झाले नाहीत. ताटातला मासा आठवड्यातून दोनदा खावा, हा सल्ला अजून टिकून आहे. आणि त्यासाठी सुरमई-पापलेटच हवे असे नाही; ओमेगा-३ च्या हिशेबात स्वस्त तारली-बांगडा कुठे कमी पडत नाही. उलट सुरमई, मोरी (शार्क) यांसारख्या मोठ्या शिकारी माशांत पारा साठत जातो. गरोदर बाईने त्यांच्याऐवजी लहान मासे खाल्लेले बरे.

आता बर्फ घातलेल्या खोक्यांतून ताजा बांगडा सांगलीलाही मिळतो. बर्फ वाटेत वितळला तर बांगड्यात हिस्टामिन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारे द्रव्य तयार होते आणि ते तळून किंवा उकळून जात नाही. जेवल्यावर तासाभरात तोंड लाल, अंगावर गांधी, डोके ठणकते. घरात म्हणतात, बांगडा बाधतो हिला. बऱ्याचदा बाधलेला असतो तो वाटेत वितळलेला बर्फ.